तिने विचारलं नाही

शुक्रवार, ५ एप्रिल २०१९. स्लाऊ, इंग्लंड.

रविवारी शेजारची पोलिश चोचा (त्यांच्या भाषेत मावशी) फोन मागायला आली, तेव्हापासून माझं चित्त ठिकाणावर नाही. उद्या पाडवा. चक्का टांगून ठेवलाय, कडुलिंब सकाळी साउथॉलला मिळतो का बघायचंय, आणि मी मात्र स्वयंपाकघरात वही उघडून बसले आहे. लिहिल्याशिवाय हे सुटायचं नाही.

फोन हवा होता तो नोंदणीसाठी. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडणार, म्हणून युरोपच्या नागरिकांना इथे राहायचं तर आता अर्ज करायचा, आणि तो अर्ज ३० मार्चला, शनिवारी, सगळ्यांसाठी खुला झाला. पासपोर्ट तपासायचं ॲप फक्त अँड्रॉइडवर चालतं आणि चोचाकडे आयफोन. म्हणून दुसऱ्याच दिवशी ही दारात, एका हातात पासपोर्ट आणि दुसऱ्या हातात खसखशीचा केक. रिकाम्या हाताने ती कधी येतच नाही.

पासपोर्ट टेबलावर ठेवायचा, त्यावर फोन ठेवायचा, आतली चिप वाचून होईपर्यंत हलवायचा नाही. मग चेहरा दाखवायचा. ते ॲप तिचा चेहरा काही घेईना. चष्मा काढून झाला, केस मागे बांधून झाले, खिडकीशी उभं राहून झालं. धाकटी मागून ओरडत होती, "चोचा, हलू नको ना!" चोचालाच हसू येत होतं आणि हसलं की पुन्हा पहिल्यापासून. शेवटी घेतला. मग नॅशनल इन्शुरन्सचा नंबर टाकला आणि कराच्या नोंदींमधून तिची वर्षं आपोआप जुळली. पोलंड युरोपीय संघात आलं २००४ च्या मेमध्ये, ही आली त्याच्या पुढच्या वर्षी. तेव्हापासून एक दिवस बेकार बसलेली नाही. सगळं तिथे होतं.

तिने विचारलं, कार्ड कधी येईल? कार्ड नाहीच, ई-मेल येणार. हे तिला अजिबात पटलं नाही. "कागद नाही? मग मी दाखवू काय?" असं दोनतीनदा म्हणाली. आणि मग पासपोर्ट पर्समध्ये ठेवताठेवता, चेन लावताना, माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुला मत होतं ना तेव्हा?"

हो म्हटलं.

"हं," म्हणाली, आणि धाकटीला तिच्या मातीच्या घोड्याबद्दल विचारायला लागली.

एवढंच झालं. कुणाला दिलंस, हे तिने विचारलं नाही.

युरोपीय संघात राहायचं की बाहेर पडायचं, त्या सार्वमतात मी 'राहावं'वर खूण केली होती. २३ जून २०१६, सकाळपासून धो धो पाऊस, शाळेच्या हॉलमध्ये पेन्सिल दोरीने बांधून ठेवलेली. त्या दिवशी लोक एकमेकांना सांगत होते की घरून पेन न्या, पेन्सिलीची खूण पुसतील. मला तेव्हा इथे येऊन जेमतेम तीन वर्षं होत होती, तीही ह्याच्या व्हिसावर. पासपोर्ट भारताचा. तरी कॉमनवेल्थमधली म्हणून मला मत. आणि अकरा वर्षं इथे कर भरणाऱ्या चोचाला नाही. आयर्लंड, माल्टा आणि सायप्रसचे लोक सोडले तर युरोपातल्या कुणालाच नाही. स्कॉटलंडच्या सार्वमतात, २०१४ मध्ये, त्यांना होतं. यात नव्हतं. माझ्या पणजोबांवर ज्या राजाचं राज्य होतं, त्या जुन्या नात्याने मला तो हक्क मिळाला, आणि तो मला मिळाला याचा तेव्हा मला केवढा अभिमान वाटला होता! आईला फोन करून सांगितलं होतं.

मग तिने विचारलं का नाही? गेले चार दिवस मी हेच उलटंपालटं करून बघते आहे. तिला खात्री आहे म्हणून? की उत्तर 'बाहेर' असं निघालं तर काय करायचं, या भीतीने? आमच्या शहराने ५४.३ टक्के मतं बाहेर पडायला दिली. रस्त्यात भेटलेल्या प्रत्येक दोघांतल्या एकाने तरी दिलेलं असणार, हा हिशेब तिला करावा लागतो. त्यात मी पण येते का?

समोरच्या आजोबांनी तिला आपण होऊन सांगितलं होतं. निकालानंतरच्याच आठवड्यात, कुंपणाशी उभे राहून. मी बाहेर पडायला मत दिलं, पण ते तुझ्याबद्दल नव्हतं, असं म्हणाले. ती लाल झाली होती, मला चांगलं आठवतंय. पण त्यानंतर त्यांचं काही बिघडलं नाही. ते तिच्या कचऱ्याचा डबा आत घेतात, ती त्यांना सूप नेऊन देते. या हिवाळ्यात आजोबांनी गॅरेजमध्ये पास्ता आणि डब्यातले टोमॅटो भरून ठेवलेत, करार न होता बाहेर पडलो तर असावेत म्हणून, आणि त्यातले अर्धे चोचाचे आहेत असं ते गंभीरपणे सांगतात. ते बोलले, म्हणून ते मोकळे झाले. मी तिच्या बाजूने मत देऊन तीन वर्षं गप्प.

आणि आता सांगायचं तरी कसं? "मी तुझ्यासाठी दिलं होतं" म्हणजे आभार मागितल्यासारखं.

बाबांचा रविवारचा फोनही त्याच दिवशी. बाबा जिल्हा परिषदेच्या हिशेब खात्यातले, त्यांना बाहेर पडायची २९ मार्च ही तारीख पहिल्यापासून फार आवडली होती. "मार्चअखेर! हिशेब बंद!" तो दिवस आला, त्याच दिवशी पंतप्रधान थेरेसा मे यांचा बाहेर पडण्याचा करार संसदेत तिसऱ्यांदा पडला, ३४४ विरुद्ध २८६, आणि मुदत १२ एप्रिलवर गेली. बाबा खरोखर दुखावले. त्यांनी पहिल्या दोन पराभवांचे आकडेही वहीत लिहून ठेवलेत. जानेवारीत २३० मतांनी, मार्चमध्ये १४९ मतांनी, आता ५८. "कमी होतायत," म्हणाले, "अजून एकदा मांडला तर होईल." सभागृहाचे अध्यक्ष बर्को यांनी १६०४ चा दाखला देऊन सांगितलंय की तोच प्रस्ताव पुन्हापुन्हा आणता येणार नाही, हे मी सांगितल्यावर त्यांनी तेही लिहून घेतलं.

या आठवड्याचं मी त्यांना अजून सगळं सांगितलेलं नाही. सोमवारी चार पर्याय मतांना टाकले, चारही पडले. युरोपाशी सामायिक जकातीचा, कस्टम्स युनियनचा, तर तीन मतांनी. चर्चा चालू असताना वर प्रेक्षकांच्या गॅलरीत हवामानबदलाचे आंदोलक कपडे उतरवून काचेला चिकटून उभे, आणि खाली सदस्य वर न बघता भाषण करायची धडपड करतायत. ह्याने आणि मी ते पोट धरून हसत बघितलं. बुधवारी एका मतदानात ३१० आणि ३१०, बरोबरी. त्याच रात्री करार न होता बाहेर पडणं टाळायचं विधेयक ३१३ विरुद्ध ३१२ ने पार. एक मत! आणि काल सभागृहाच्या छतातून पाणी गळायला लागलं, म्हणून कामकाज थांबवून सगळे घरी. बाबा ऐकतील तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेच्या छताची आठवण काढल्याशिवाय राहणार नाहीत. आज मे बाईंनी युरोपीय संघाला पुन्हा पत्र लिहिलंय, ३० जूनपर्यंत मुदत द्या.

एका मताने विधेयक पार होतं, ते बघताना मला परत चोचाच. एक मत.

पण दुसरंही आहे, आणि तेही लिहायलाच हवं. रविवारी ती गेल्यावर मला राग आला होता. तिचा अर्ज अर्ध्या तासात झाला. फुकट. आधी ६५ पौंड घेणार होते, तेही जानेवारीत रद्द केले. आम्ही मागच्या वर्षी कायमच्या वास्तव्याचा अर्ज केला तेव्हा माणशी २३८९ पौंड. 'लाइफ इन द यूके'ची परीक्षा वेगळी, तिचे ५० पौंड, आठव्या हेन्रीच्या बायका पाठ. पाच वर्षांत देशाबाहेर गेलो त्या प्रत्येक दिवसाची यादी. पगाराच्या स्लिपा, बँकेची पत्रकं, सगळी फाइल अजून कपाटात आहे, टाकवत नाही. आजी गेली तेव्हा माझा पासपोर्ट अर्जासोबत गृहखात्याकडे होता. त्यावर मी आजही काही लिहू शकत नाही.

आमच्यासाठी कुणी मोर्चा काढला नव्हता. जानेवारीत व्हिसावाल्यांचा आरोग्य अधिभार २०० चा ४०० पौंड झाला, बातमीत दोन ओळी. नवऱ्याला किंवा बायकोला इथे आणायचं तर वर्षाला १८,६०० पौंड कमवून दाखवावे लागतात, हे तर २०१२ पासूनचं. मंडळात २०१६ साली हेच बोललं जायचं. युरोपातून कुणीही बॅग उचलून येतं आणि आपल्या माणसाला शंभर कागद, मग आपण त्यांच्यासाठी का मत द्यायचं? मंत्री प्रीती पटेल तेव्हा सांगत होत्या की बाहेर पडलो की करी हाउसना आपल्याकडचे स्वयंपाकी आणता येतील. आपल्यातल्या कित्येकांनी त्यावर विश्वास ठेवून मत दिलं. चांगली माणसं आहेत ती. त्यांना चोचा कुठे माहीत होती.

मला माहीत होती. माझ्या पहिल्या हिवाळ्यात बॉयलर बंद पडला तेव्हा तिने मला आणि तान्ह्या थोरल्याला स्वतःच्या घरी झोपवलं होतं. मुलं तिच्याच अंगाखांद्यावर वाढली. तरी रविवारी रात्री भांडी घासताना मी मनात म्हणत होते, बघ आता, कळू दे जरा, अर्ज करणं म्हणजे काय असतं. हा विचार आला खरा. पण त्या टेबलापाशी ती खिडकीतल्या उजेडात तोंड धरून उभी होती, चष्म्याशिवाय, फोनला आपला चेहरा पटवून देत. आम्ही येतानाच परवानगी मागून आलो. आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तिला कुणी सांगितलंच नव्हतं की एक दिवस मागावी लागेल. ती आली तेव्हा कायद्याने ती पाहुणीच नव्हती. यातलं जास्त दुःख कुणाचं, हे मोजायला बसले तर रात्र पुरणार नाही, आणि खरं सांगायचं तर आता मला मोजायचं नाहीये. माझी फाइल कपाटात, तिचा ई-मेल फोनमध्ये. दोघींना इथेच राहायचंय.

एक गंमत ह्याने दाखवली. पुण्यात २३ एप्रिलला लोकसभेचं मतदान. मी भारताची नागरिक, पण स्वतः तिथे जाऊन उभी राहिले तरच मत, नाहीतर नाही. चोचा पोलंडच्या निवडणुकीला इथल्या वकिलातीत जाऊन मत देते. म्हणजे ज्या देशाचा पासपोर्ट, तिथे तिला मत, मला नाही. जिथे दोघी राहतो, तिथे मोठ्या प्रश्नावर मला मत, तिला नाही. हा हसला. मला आधी रडू येईल असं वाटलं, मग मीही हसले.

आज संध्याकाळचं लिहायचं राहिलं. २ मेच्या नगरपालिकेच्या निवडणुकीची कार्डं आली आहेत, आणि या निवडणुकीत युरोपच्या नागरिकांनाही मत असतं. चोचा आपलं कार्ड घेऊन कुंपणाशी आली. कचऱ्याचे डबे पंधरा दिवसांनी उचलणं, कोपऱ्यावरचं पार्किंग, बागेतला तो मोडका झोपाळा, सगळ्यावर तिची मतं ठाम. कुणाला देणार तेही सांगून टाकलं, मी विचारलं नसताना. मग म्हणाली, "आणि तू?"

मी इतकी गोंधळले की क्षणभर मला वाटलं, ती त्याच मताबद्दल विचारतेय. अजून ठरवलं नाही, एवढंच म्हटलं. तर ती चिडली. महिनाभर पण राहिला नाही, म्हणाली, ती पत्रकं घरात येतात ती वाचत तरी जा. आणि झोपाळ्याचा मुद्दा तिच्या उमेदवाराच्या पत्रकात आहे की माझ्या घरी आलेल्या दुसऱ्याच्या, यावर आम्ही अंधार पडेपर्यंत भांडलो. दोन्ही पत्रकं घेऊन ती उद्या येणार आहे, गुढी उतरवायच्या आधी. श्रीखंड जास्तच करायला हवं, आजोबांनाही बोलावते म्हणाली.