पोचपावतीवरची तारीख

त्या दिवशी उच्च न्यायालयाच्या बोर्डावर माझ्या दोन याचिका होत्या. दोन्ही न वटलेल्या धनादेशांच्या होत्या, दोन्हींत मी आरोपीच्या बाजूने होतो, आणि निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टच्या कलम १३८ खालील खटला भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ नुसार रद्द करावा, हीच दोन्हींतली मागणी होती.

पहिले अशील निवृत्त शिक्षक. त्यांची बाजू खरी आहे, अशी माझी खात्री होती आणि आजही आहे. हातउसने घेताना त्यांनी तारण म्हणून सही केलेला कोरा धनादेश दिला, रक्कम हप्त्याहप्त्याने रोखीने फेडली, पण धनादेश परत मागून घेतला नाही. पुरावा म्हणून त्यांच्याकडे एक पाठकोरी वही होती. प्रत्येक हप्त्याची नोंद पत्नीच्या अक्षरात आणि शेवटच्या नोंदीखाली दोन रेघा ओढून लिहिलेले ‘सर्व फिटले’. न्यायमूर्तींनी ती पाने शांतपणे चाळली आणि विचारले, की ही वही खरी की मागाहून लिहिलेली, हे साक्षीपुराव्याशिवाय येथे कसे ठरवायचे? सही मान्य असली की कलम १३९ चे गृहीतक, म्हणजे धनादेश देणे फेडण्यासाठीच दिला होता असे मानणे, फिर्यादीच्या बाजूने उभे राहते. ते खोडून काढता येते, पण त्याची जागा खटल्यात आहे. वादग्रस्त वस्तुस्थितीवर सुरुवातीलाच खटला रद्द करू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली रतीश बाबू उन्नीकृष्णन प्रकरणात स्पष्ट केले आहे. सर्व मुद्दे खुले ठेवून मी याचिका मागे घेतली.

दुसऱ्या याचिकेला पाच मिनिटेही लागली नाहीत. फिर्यादीनेच दाखल केलेल्या टपालाच्या पोचपावतीवर आरोपीला न वटलेल्या धनादेशाचे पैसे मागणारी नोटीस मिळाल्याची तारीख ८ होती, तर फिर्यादीवर न्यायालयाच्या आवक शिक्क्याची तारीख त्याच महिन्याची २२. पैसे देण्यासाठी कायद्याने दिलेले १५ दिवस २३ तारखेला संपत होते. म्हणजे फिर्याद दाखल झाली तेव्हा गुन्हाच पूर्ण झालेला नव्हता. योगेंद्र प्रताप सिंह प्रकरणातील २०१४ च्या निकालानुसार अशा फिर्यादीची दखलच घेता येत नाही. तीन वर्षे चाललेला खटला रद्द झाला. देणे होते की नव्हते, हा प्रश्न निघालाच नाही. मात्र त्याच निकालाच्या आधारे फिर्यादीला एक महिन्यात नवी फिर्याद दाखल करता येईल, हे न्यायमूर्तींनी आदेशात आवर्जून नमूद केले, आणि विरुद्ध बाजूचा वकील असूनही मला त्याचे समाधान वाटले.

शिक्षक मागच्या बाकावर बसून हे सारे ऐकत होते. बाहेर येताच म्हणाले, “साहेब, त्यांना कोणी विचारलेही नाही पैसे दिले का म्हणून. मी फेडून बसलो, तरी मीच आरोपी?” मी त्यांना सांगितले, की दुसऱ्या प्रकरणातला दोष फिर्यादीच्याच कागदावर उघडा होता, तुमचे खरेपण मात्र माणसाच्या तोंडून सिद्ध करावे लागेल, आणि तेही निर्विवादपणे नव्हे, संभाव्यतेच्या कसोटीवर उतरेल इतकेच. साक्षीला त्यांच्या पत्नी येतील का, हेही मी विचारले. त्यांनी होकारार्थी मान हलवली आणि पिशवीतून बँकेचे पासबुक काढले. व्हरांड्यातल्या बाकावर वही आणि पासबुक शेजारी ठेवून आम्ही पैसे काढल्याच्या तारखा हप्त्यांशी ताडून पाहू लागलो. पहिल्या चारही जुळल्या.