गाडी पास, ड्रायव्हर वेटिंगवर

रेसिंग करतो म्हटलं की लोक गाडीबद्दल विचारतात. किती पळते, कितीला पडली, घरून परवानगी कशी मिळाली. मला कुणी त्या मेडिकल फॉर्मबद्दल विचारत नाही, आणि माझा सगळा राग तर त्याच्यावरच आहे. म्हणून हे लिहायला बसलो.

मी न्यू जर्सीत, एडिसनजवळ राहतो. इथलं हौशी सर्किट रेसिंग मोठ्या प्रमाणात एससीसीए, म्हणजे स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका, चालवतो. क्लब १९४४ सालचा. वळणावर झेंडे दाखवणारे, गाड्या तपासणारे, वेळ नोंदवणारे बहुतेक सगळे स्वयंसेवक. शिरायचं कसं, तर आधी नॉव्हिस परमिट (नवशिक्याचा परवाना), मग क्लबचं ड्रायव्हर्स स्कूल, मग नवशिक्या म्हणून काही शर्यती, आणि त्या धड पार पडल्या की पूर्ण लायसन्स. परमिटच्या अर्जाबरोबर डॉक्टरांच्या सहीचा फॉर्म लागतो. वाचताना मला ही ओळ सगळ्यात सोपी वाटली होती.

गाडीचं आधी सांगून टाकतो, कारण त्यात काही अडलंच नाही. माझदा मियाटा, १९९२ची. १.६ लिटर इंजिन, नवीन असताना ११६ हॉर्सपॉवर. आजची साधी फॅमिली गाडीही सिग्नलवरून हिच्या आधी सुटेल. पण वजन टनाच्या आसपास, ताकद मागच्या चाकांना, आणि स्पेक मियाटा नावाचा स्वतंत्र वर्गच आहे, ज्यात सगळ्यांना सस्पेन्शन सारखं आणि टायरही सारखे. तिथे पैशाने फार पुढे जाता येत नाही, हे मला आवडलं. (थोडं जाता येतं. ते नंतर कळतं.)

जुनी मियाटा बघायला गेलात तर बॉनेट उघडून क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, पुलीवरच्या खाचा मोजा. १९९० आणि ९१च्या सुरुवातीच्या इंजिनांत क्रँकचं पुढचं टोक आखूड आहे, तिथे पुली सैल होऊन क्रँकच खराब होतो. चार खाचा असतील तर आखूड, आठ असतील तर निश्चिंत. मी ९२ची घेतली ती याच कारणासाठी. आणि रस्त्यावरची गाडी घेऊन रेसिंगची बनवायच्या भानगडीत पडू नका, तयार घ्या. रोल केज (गाडी उलटली तर ड्रायव्हरला वाचवणारा नळ्यांचा पिंजरा), सीट, किल स्विच, अग्निशामक हे सगळं वेगवेगळं करायला गेलात तर गाडीच्या किमतीपेक्षा जास्त जातं. विकणाऱ्याला पहिला प्रश्न लॉगबुकचा विचारा. गाडी कुठे धडकली, तपासणाऱ्याने काय दुरुस्त करायला सांगितलं, हे त्यात लिहिलेलं असतं. लॉगबुक हरवलं म्हणणाऱ्याकडून मी चहासुद्धा घेणार नाही.

वार्षिक तपासणीला क्लबचे एक वयस्कर काका आले. हातात टॉर्च. केजच्या नळीला पाडलेलं बारीक भोक शोधलं. नळीची जाडी मोजता यावी म्हणून ते मुद्दाम ठेवलेलं असतं, व्यास जेमतेम पाच मिलिमीटर. सीटबेल्टच्या लेबलवरच्या तारखा वाचल्या, किल स्विच दाबून इंजिन खरंच बंद पडतं का ते पाहिलं, पुढचे-मागचे टो हुक ओढून पाहिले, आणि सही केली. तीस वर्षांहून जुनी गाडी, एवढ्या हातांतून गेलेली, आणि तिला कुणी विचारलं नाही की बाई, तुला हे झेपेल का.

मला मात्र विचारलं.

माझ्या नेहमीच्या डॉक्टर एका मोठ्या ग्रुपच्या क्लिनिकमध्ये बसतात. वार्षिक तपासणी नुकतीच झाली होती. रक्तदाब ठीक, साखर ठीक, चष्म्याने दिसतं. म्हटलं, आकडे त्यांच्याकडेच आहेत, सही तेवढी घ्यायची. क्लिनिकच्या ऑनलाइन पोर्टलवर फॉर्म चढवला. उत्तर आलं, यासाठी प्रत्यक्ष भेट लागेल. भेटीची तारीख ड्रायव्हर्स स्कूलची नोंदणी बंद होण्याच्या जवळ येत होती, तरी घेतली. गेलो. नर्सने परत रक्तदाब घेतला, तोही ठीक. डॉक्टर आल्या, त्यांनी फॉर्म वाचला, आणि 'रेसिंग' या शब्दापाशी त्यांचं बोट थांबलं.

"तुम्ही धावता?"

"नाही, गाडी."

यानंतर त्यांचा आवाज बदलला. तुम्ही तंदुरुस्त आहात असं मी लिहून देऊ शकते, म्हणाल्या, पण शर्यतीत गाडी चालवायला योग्य आहात असं मी कसं लिहू, ते आमच्या कायदेशीर विभागाला विचारावं लागेल. विचारा म्हटलं. विभागाचं उत्तर पोर्टलवर येणार होतं. मी पोर्टल उघडायचो, बंद करायचो. ऑफिसच्या मीटिंगमध्ये, किराणा घेताना, ओक ट्री रोडवर पार्किंग शोधताना. शेवटी फोन केला तर कळलं की फॉर्म विभागाकडे गेलाच नाही, कारण तो पाठवायला डॉक्टरांची सही लागते. आणि सही का नाही, तर विभागाचं उत्तर आलेलं नाही.

आयुष्यात पहिल्यांदा मला आरटीओबाहेरच्या एजंटची मनापासून आठवण आली. निदान त्याला कुठल्या खिडकीवर जायचं हे माहीत असायचं.

मग बाहेरचं अर्जंट केअर केंद्र धरलं. त्यांच्या पाटीवर शाळेच्या खेळांसाठीची तपासणी होती, ट्रक ड्रायव्हरची होती, उन्हाळी शिबिराचीही होती. काउंटरवरच्या मुलीने सगळा फॉर्म चाळला आणि म्हणाली, हा आमच्या सिस्टीममध्ये नाही. ट्रकवाल्यांना सही देता ना, विचारलं. हो. ट्रक चाळीस टनांचा असतो, हायवेवर माणसांमधून जातो. हो. माझी गाडी एक टनाची, बंद ट्रॅकवर, आजूबाजूला सगळे हेल्मेट घातलेले. तिने फार सहानुभूतीने मान हलवली आणि पुढच्या माणसाला बोलावलं. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "डॉक्टरांना कळतंय, तुला का कळत नाही?"

सुटका झाली ती एका जुन्या रेसरच्या एका वाक्यामुळे: "अरे, विमानवाल्या डॉक्टरकडे जा." वैमानिकांची वैद्यकीय तपासणी करायला एफएए, म्हणजे अमेरिकेचं विमान वाहतूक खातं, काही डॉक्टरांची नेमणूक करतं, त्यांची यादी एफएएच्या साइटवर गावानुसार शोधता येते. हे लोक हौशी वैमानिकांना रोज तपासतात. जोखमीच्या छंदासाठी सही मागणारा माणूस त्यांना नवा नसतो. फोनवरच विचारलं, रेसिंगच्या फॉर्मवर सही कराल का. पलीकडून आवाज आला, "हो, चष्मा आणि औषधांची यादी घेऊन या." इन्शुरन्स चालत नाही, खिशातून पैसे द्यावे लागतात. दिले, आनंदाने दिले. डोळे, कान, रक्तदाब, छातीला स्टेथोस्कोप, प्रतिक्षिप्त क्रिया, आणि सही. वर त्यांनीच विचारलं, मियाटा कुठली, पहिल्या पिढीची का? त्यांच्याकडेही एक होती.

तेव्हा, नवीन येणाऱ्याने गाडी शोधायच्या आधी सही देणारा डॉक्टर शोधावा. मोठ्या ग्रुपच्या क्लिनिकच्या दारात उभंही राहू नये. अपॉइंटमेंट घेताना 'फिजिकल हवंय' एवढंच म्हणू नका, फॉर्मचं पूर्ण नाव सांगा आणि सही कराल का हे आधी वदवून घ्या. क्लबच्या साइटवरून फॉर्म ताजा उतरवा, मित्राकडचा जुना वापरू नका.

स्कूल वेस्ट व्हर्जिनियात, समिट पॉइंटला झालं. दोन मैलांचा ट्रॅक, दहा वळणं. शेवटचं दहावं वळण नीट सुटलं तरच पुढच्या लांबलचक सरळ रस्त्यावर वेग मिळतो, आणि त्याच्या टोकाला पहिल्या वळणासाठी जोरात ब्रेक. सगळा दिवस याच दोन जागांत जातो. झेंडे पाठ करून जा. निळ्यावर पिवळा तिरका पट्टा म्हणजे मागून वेगवान गाडी येतेय. काळ्यावर नारिंगी गोळा म्हणजे तुमच्याच गाडीत काहीतरी बिघडलंय, आत या. हा शेवटचा मला कुणी दाखवला नाही, याचा अभिमान आहे.

हेल्मेटचं राहिलं. हेल्मेट तपासणाऱ्या स्नेल संस्थेचा 'एसए' शिक्का असलेलंच घ्या, मोटरसायकलचं 'एम' चालत नाही. एसएच्या चाचणीत आगही धरलेली असते. धडकेत मान सांभाळणारं, हेल्मेटला जोडायचं हॅन्ससारखं साधन २०१२ पासून क्लबने सक्तीचं केलंय, तेव्हा हेल्मेटला त्याचे अँकर बसतात का ते पाहा. आणि एसएफआय (रेसिंगच्या सामानाचे निकष ठरवणारी अमेरिकन संस्था) शिक्क्याच्या बेल्टची मुदत तयार झाल्या तारखेपासून मोजतात, तुम्ही पेटी कधी उघडली याच्याशी तिला देणंघेणं नाही. एफआयए या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या शिक्क्याच्या बेल्टवर शेवटचं वर्ष छापलेलंच असतं. दुकानात सवलतीत मिळाले तर आधी लेबल उलटून बघा.

पहिल्या शर्यतीत माझ्यामागे दोन गाड्या होत्या. त्यातली एक बंद पडलेली होती, पण निकालपत्रात ती माझ्या खालीच आहे.