बाजाराच्या दिवशीची ओपीडी

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात मी समाजसेविका आहे. आमचं पथक माणदेशातल्या एका ग्रामीण रुग्णालयात सोमवारी जायचं. डॉक्टर असायचे, गोळ्या असायच्या, बाकं मात्र रिकामी. लोकांना जाण नाही, असं सगळे म्हणत.

खरं कारण सांगितलं ते एसटीतून निवृत्त झालेल्या एका कंडक्टर काकांनी. त्यांच्या मुलाला स्किझोफ्रेनिया आहे. क्लोझापिन हे त्यावरचं औषध सुरू केलं की पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्तातल्या पांढऱ्या पेशी तपासाव्या लागतात. त्यासाठी काका, काकू आणि थोरली लेक आळीपाळीने त्याला जिल्ह्याच्या गावी न्यायचे. काका बैठकीत उभे राहिले. "सोमवारी वाड्यांवरची गाडी येती आन् लगेच माघारी फिरती. मानूस थांबनार कसा? बाजाराच्या दिवशी बसा. जादा गाड्या असत्यात. आन् कुटं निघालास म्हनून कुनी इचारत न्हाई."

हे शेवटचं मला फार पटलं. आमच्याकडे अजूनही 'येरवड्याला नेलं' म्हटलं की सोयरीक मोडते. पिशवी घेऊन बाजाराला निघालेल्या बाईला कोण काय बोलणार?

वार बदलायला बरीच कागदपत्रं झाली. पण पहिल्या बाजारालाच बाकं भरली! काकांची लेक दारात बसली होती. कुणाचंही नाव मोठ्याने पुकारायचं नाही, हा तिचा आग्रह. ती उठून प्रत्येकाजवळ जाऊन सांगायची.

एका बाईने मेथीच्या जुड्यांखालून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली औषधांची चिठ्ठी काढली. दिराची होती. औषध कधीचंच बंद, दीर घराबाहेर पडत नव्हता. ती काही बोलेना. काकू शेजारी सरकल्या. "तू झोपतीस का गं रात्री?" आम्ही आधी आजाराचं विचारतो, तिच्या झोपेचं आजवर कुणी विचारलं नव्हतं. मग ती धड अर्धा तास बोलली. गृहभेटीच्या यादीत त्याच दिवशी तिचं घर आलं.

काकांच्या मुलाचं रक्तही आता तिथेच घेतात.

दुपारी काकांना सांगितलं, की २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार रुग्णांच्या हक्कांच्या तक्रारी ऐकणाऱ्या पुनर्विलोकन मंडळात जिल्हा न्यायाधीशांबरोबर दोन जागा रुग्ण, त्यांची काळजी घेणारे किंवा त्यांच्या संस्थांसाठी आहेत. चहा तसाच ठेवून त्यांनी विचारलं, "मग अर्ज कुनाच्या नावानं लिवायचा?"

कोरा कागद काकूंनी आधीच पुढे केला होता. मी लिहायला घेतलं.