मॅच ‘अडकली’

फायनलच्या दिवशी आमच्याकडे सुट्टी मागायची नसते, हे नवीन पोरांनाही पहिल्या महिन्यात कळतं. मी घरोघरी जाऊन टीव्ही, डोंगल (टीव्हीच्या मागे खोचायचं, नेटवरून चित्र आणणारं छोटं यंत्र), वायफाय असली कामं करतो. एरवी दोन दिवस उशिरा गेलं तरी कोणी काही बोलत नाही, पण फायनलला लोक टॉस झाल्यावर फोन करणार आणि पहिल्या बॉलच्या आत माणूस दारात हवा. आदल्या दिवशी पाच मिनिटं लावून बघावं हे कोणाच्या डोक्यात येत नाही. कोणाच्याच.

त्या दिवशीच्या चौथ्या तक्रारीत लिहिलं होतं, ‘आवाज येतो, चित्र नाही’. हे वाचलं की मी जिना चढायच्या आधीच उत्तर सांगू शकतो. लोक फोनची स्क्रीन मिरर करतात, म्हणजे फोन स्वतःच्याच स्क्रीनचं शूटिंग करत असतो आणि ते दाबून छोटं करून टीव्हीला पाठवत असतो. आता मॅचच्या अ‍ॅपने सिस्टिमला सांगून ठेवलेलं असतं की माझी खिडकी कोणाला शूट करू देऊ नकोस, स्क्रीनशॉट काढला तरी काळा येतो तो त्याचमुळे. मग टीव्हीवर आवाज, कॉमेंट्री, प्रेक्षकांचा गोंधळ सगळं व्यवस्थित आणि चित्राच्या जागी काळोख. आमच्या कॉल सेंटरने त्या घरातल्या काकांना काय सांगितलं होतं? एचडीएमआय केबल बदला. बिचाऱ्यांनी बदललीही होती! त्या कॉल सेंटरकडे एक छापील कागद आहे, पहिली ओळ बंद करून चालू करा, दुसरी केबल बदला, तिसरी माणूस पाठवतो. तिसरी ओळ म्हणजे मी.

मी म्हटलं काका, मिरर नाही करायचं, कास्ट करायचं. दोन्हीत फरक काय ते मी दरवेळी समजावतो, कारण आमच्या धंद्यातली मला आवडणारी ही एकच गोष्ट आहे. कास्ट केलं की फोन चित्र पाठवतच नाही. तो डोंगलला फक्त पत्ता देतो, अमुक ठिकाणाहून ही मॅच उचल, आणि डोंगल स्वतः नेटवरून ती खेचतो. फोन खिशात ठेवा, गेम खेळा, कोणाला कॉल करा, मॅचला काही फरक पडत नाही. ‘आता तुमचा फोन म्हणजे नुसता रिमोट,’ मी काकांना म्हटलं. हे मीच म्हटलं, माझ्या तोंडाने.

पण काकांच्या फोनमध्ये कास्टच्या यादीत टीव्ही दिसेना. हेही नेहमीचंच. फोन डोंगलला शोधतो तो एमडीएनएस नावाच्या हाकेने, २२४.०.०.२५१ या पत्त्यावर ५३५३ पोर्टवरून सगळ्यांना मिळून एकच हाक, कोण आहे का कास्टवाला, आणि डोंगल ओ देतो. ही हाक त्याच नेटवर्कात ऐकू जाते, बाहेर नाही. यांच्याकडे नातवाने हौसेने राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळं गेस्ट नेटवर्क चालू केलं होतं आणि घरातले अर्धे फोनसुद्धा त्यावरच. गेस्ट नेटवर्कवरचा फोन घरातल्या बाकी गोष्टींना बघू शकत नाही, ते बनवलंयच त्यासाठी. मी ते बंदच करून टाकलं आणि सगळ्यांचे फोन मुख्य नेटवर्कवर घेतले. हॉलमध्ये जमलेल्यांचे घेतले, नातू आतल्या खोलीत जाऊन आजींचा फोन घेऊन आला, मी तोही जोडून दिला. म्हटलं उगाच परत कोणाचा फोन नको.

टीव्ही दिसला, कास्ट केलं, लागली मॅच, टाळ्यासुद्धा वाजल्या. मी बॅग उचलली. एक ओव्हर बघून निघू म्हणून दारातच उभा राहिलो तर पाच मिनिटांत मागून आवाज, ‘अडकली!’

आता या ‘अडकली’ शब्दावर माझा राग आहे. बफरिंगचं चक्र फिरत असलं तरी अडकली, चित्र थिजलं तरी अडकली, आवाज मागे पडला तरी अडकली, टीव्ही अख्खा बंद पडला तरी अडकली. डॉक्टरकडे जाऊन फक्त ‘दुखतंय’ म्हणण्यासारखं आहे. मी वळेपर्यंत काकांनी फोनवर प्ले दाबलं होतं आणि मॅच चालू झाली होती, म्हणजे नक्की काय अडकलं ते मी स्वतः बघितलंच नाही.

मी सरळ टीव्हीच्या मागे घुसलो. डोंगलची पॉवर टीव्हीच्या यूएसबी पोर्टमधून घेतलेली. मला वाटलं सापडला. साधा यूएसबी २.० पोर्ट नियमाने ५०० मिलीअँपिअर देतो आणि डोंगलला १ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर लागतो. भूक जास्त आणि ताटात कमी, असं असलं की तो थोडा वेळ चालतो आणि जोर लागला की मान टाकतो. वेगळा अ‍ॅडॉप्टर लावला. त्यासाठी मॅच दीड मिनिट बंद ठेवावी लागली, त्या दीड मिनिटात वीस माणसं माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती ते जाऊ दे. परत लावली, सात-आठ मिनिटं गेली, परत अडकली. मी तेव्हा टीव्हीच्या मागेच वायरी गुंडाळत होतो, त्यामुळे परत बघायची राहिली.

मग वायफाय. डोंगल वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर होता, तो जास्त वेगाच्या ५ वर घेतला. टीव्हीजवळ उभा राहून स्पीड बघितला (राउटरला चिकटून स्पीड टेस्ट करणारे लोक मला माहीत आहेत, त्यातले दोन आमच्याच ऑफिसात आहेत), एचडी मॅचला आठ-दहा एमबीपीएस खूप झाले, इथे त्याच्या कितीतरी पट येत होता. सीनियरला फोन लावला. ते म्हणाले फॅक्टरी रिसेट मार. फायनल चालू आहे, घर भरलंय, आणि हा माणूस मला रिसेट मारून परत सगळं सेटअप करायला सांगतोय. आणि रिसेटने नाही झालं तर? ‘राउटर बदल.’ कुठलाही आजार सांगा, यांचं औषध राउटर.

या सगळ्यात एक पोरगा सारखा म्हणत होता, काका, शेजारचे आपल्या आधी ओरडतायत. त्याला मी थांबवून लेक्चर दिलं. लाइव्ह म्हणजे खरंच लाइव्ह नसतं रे बाळा, मॅच छोट्या छोट्या तुकड्यांत येते, अ‍ॅपलने २००९ मध्ये आणलेली एचएलएस नावाची पद्धत आहे, सहा-सहा सेकंदांचे तुकडे, प्लेअर साधारण तीन तुकडे मागे राहून सुरू करतो, म्हणजे तिथेच अठरा सेकंद गेले, वर व्हिडिओ तयार करून पोचवायचा वेळ, म्हणून अर्धा मिनिट मागे असणं नॉर्मल आहे. पोरगा म्हणाला, ‘पण मगाशी थोडंसंच मागे होतो, आता जास्त मागे आहे.’ मी म्हटलं होतं असं.

नाही होत असं. म्हणजे होतं, पण त्याला कारण लागतं. नेट अडखळत असेल तर मागे पडतो, आणि नेट तर मी आत्ताच तपासलं होतं. उरलं एकच, मॅच कोणीतरी पॉज केली आणि थोड्या वेळाने तिथूनच पुढे चालू केली. दहा-बारा वर्षांच्या पोराने मला उत्तर हातात आणून दिलं होतं आणि मी त्याला एचएलएस शिकवत होतो. घरी येऊन आठवलं तेव्हा एकट्यालाच लाज वाटली.

तिसऱ्यांदा मात्र मी मुद्दाम समोर बसलो, हात न लावता. आणि बघितलं. चक्र फिरलं नाही, चौकोन चौकोन झाले नाहीत, कुठला एरर आला नाही. मॅच गेली आणि डोंगल मोकळा असताना डोंगरदऱ्यांचे जे शांत फोटो दाखवतो ते फोटो सुरू झाले. नेट कमी पडलं की मॅच गुदमरते, पॉवर कमी पडली की डोंगल पहिल्यापासून चालू होतो, कंपनीचा लोगो वगैरे दिसतो. ही तशी मेली नव्हती. हिला कोणीतरी व्यवस्थित ‘आता पुरे’ सांगून बंद केलं होतं.

काकांचा फोन टेबलावर, सगळ्यांसमोर. मग दुसऱ्या कोणाचा? मी शेजारी बसलेल्याचा फोन बघायला मागितला, वरून नोटिफिकेशन खाली ओढलं, आणि आलंच, ‘हॉल टीव्ही’, पॉजचं बटण, बंद करायची फुली. कास्ट चालू असलं की त्याच वायफायवरच्या अँड्रॉइड फोनांवर हे येऊ शकतं, सोय म्हणून दिलंय. म्हणजे मी मगाशी रिमोट एक केला नव्हता, घरभर वाटले होते. गेस्ट नेटवर्क राहू दिलं असतं तर बहुतेक फोन यातून सुटले असते. ते मीच काढलं होतं.

राउटरवर जोडलेले फोन मोजले, चौदा. हॉलमधले मोजले, तेरा.

आतल्या खोलीत आजी पलंगावर बसल्या होत्या, फोन मांडीवर. मी विचारलं, आजी, मोबाइलवर काही येतंय का सारखं? तर म्हणाल्या, ‘अरे बघ ना बाळा, माझ्या फोनवर आपोआप मॅच चालू होते. मी काही लावली नाही. माझं नेट संपेल म्हणून मी बंद करते तर परत लागते मेली.’ मी त्यांना सांगितलं की ती तुमच्या फोनवर नाही, बाहेर टीव्हीवर चालू आहे, तुमचं नेट जात नाही. त्या हसल्या आणि म्हणाल्या, ‘तरीच. मी हे दाबलं की बाहेर जरा शांत व्हायचं.’

मी तिथेच दोन मिनिटं उभा. हे त्या भोळेपणाने म्हणाल्या की नाही, मला आजपर्यंत कळलेलं नाही. पहिल्यांदा नेट जाईल म्हणून दाबलं असेल, मान्य. दुसऱ्यांदाही. पण तिसऱ्या वेळी विकेट पडली होती, बाहेर नुसता दंगा चालला होता, आणि नेमकं तेव्हाच. चेहरा बघून काही ओळखू येत नव्हतं. बाहेर वीस माणसं, आत त्या एकट्या, दार अर्धं लोटलेलं, आणि तासाभरात आत आलेले दोघंच, फोन न्यायला आलेला नातू आणि मी.

बाहेर येऊन मी डोंगलच्या सेटिंगमध्ये दुसऱ्यांना कंट्रोल देणारा पर्याय बंद केला आणि आजींच्या फोनमधलं ते नोटिफिकेशनही. अर्ध्या मिनिटाचं काम. काकांनी विचारलं काय होतं हो? मी म्हटलं नेटवर्कचं सेटिंग होतं. खोटं नाही तसं. त्या भरलेल्या हॉलमध्ये आजींचं नाव घ्यावंसं वाटलं नाही, हसले असते सगळे, आणि काका चिडले असते बहुतेक. मॅच शेवटपर्यंत चालली असं नंतर कळलं.

रिपोर्ट भरताना कारणांची यादी येते, त्यातलं एक निवडावंच लागतं. केबल, पॉवर, डोंगल, टीव्ही, ग्राहकाचं नेटवर्क. ‘इतर’ निवडलं की सीनियरचा फोन येतो, इतर म्हणजे काय ते सविस्तर लिही. दिवसातल्या अजून तीन तक्रारी बाकी होत्या. मी नेटवर्क निवडलं आणि पुढे गेलो.

त्यावर ऑफिसने पुढच्या आठवड्यात माणूस पाठवून त्यांचा राउटर बदलला. मला कळलं ते काकांचाच फोन आला तेव्हा, खूश होते, म्हणाले नव्या राउटरवर एकदम मस्त चालतंय, एकदाही अडकली नाही, तुम्ही बरोबर ओळखलं होतं. सीनियरनेही ऑफिसात चार लोकांसमोर सांगितलं, मी तेव्हाच म्हटलं होतं.

नवा राउटर म्हणजे नवं नाव, नवा पासवर्ड, घरातले सगळे फोन परत जोडायचे. काकांनी फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की आजींचा फोन कोणी जोडला का, हे विचारायचं राहूनच गेलं. नसेल जोडला, तर आता त्यांचं नेट खरंच संपत असेल.