गोटी मागं गेलीच नव्हती

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार ओळी लिहा, असा फोन आला तेव्हा मी कटिंगच्या टेबलापाशी उभा होतो. हो म्हणून बसलो. गॅदरिंग, कवायत, गड्ड्याच्या यात्रेत मारलेल्या दांड्या हे सगळं बाकीचे लिहितीलच. मला फक्त सरांवर लिहायचंय. आठवी-बचे विज्ञानाचे सर म्हटल्यावर आमच्या काळातल्या कुणालाही नाव सांगायला नको.

सरांच्या बोलण्यात अमेरिकेतला भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन शेजारच्या गल्लीतला असल्यासारखा यायचा. 1918 साली न्यूयॉर्कमध्ये जन्म, 1965 चं नोबेल, हे सर एका दमात उरकायचे आणि त्याच्या वडिलांपाशी येऊन रेंगाळायचे. कारण वडील गणवेशाच्या धंद्यातले! आमच्या निम्म्या वर्गाच्या घरी गणवेशच शिवले जायचे. माझे वडील पीसवर शर्ट शिवत. गणवेश चढवला तरी आतला माणूस तोच, हे त्या बापानं पोराला शिकवलं, असं सर सांगत होते तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "मग सर, पोलीस पण?" सर हसले, उत्तर दिलं नाही.

दुसरी गोष्ट पक्ष्याची. पक्ष्याचं नाव जगातल्या सगळ्या भाषांत पाठ केलंस तरी पक्ष्याविषयी काहीच कळत नाही, तो काय करतो ते बघ, असं वडील त्याला म्हणत. सरांनी लगेच वर्गाला कामाला लावलं. कावळा. तेलुगूवाल्यांनी सांगितलं काकी, कन्नडवाल्यांनी कागे. "झाली तीन नावं. आता कावळ्याबद्दल काय कळलं?" वर्ग गप्प. मग आठवडाभर आम्ही कावळे बघत होतो.

पण मला आठवते ती गोटी. फाइनमन लहान असताना त्याच्या खेळण्यातल्या गाडीत चेंडू होता. गाडी ओढली की चेंडू मागं जातो, असं का, हे त्यानं वडिलांना विचारलं होतं. मी गड्ड्यावरून आणलेली पत्र्याची गाडी नि गोटी घेऊन भलत्याच तासाला तोच प्रयोग करत बसलो. त्या तासाच्या बाईंनी गाडी जप्त करून सरांकडे पाठवली, मागून मलाही.

सर खुर्चीवरून उठून खाली शहाबादी फरशीवर बसले. गाडीत गोटी ठेवली, तिच्या बरोबर बाजूला खडूनं फरशीवर रेघ मारली. "ओढ." ओढली. "काय झालं?" "गोटी मागं गेली, सर." "वरनं बघतोयस बे तू. बाजूनं बघ." मी गाल फरशीला टेकवला. पुन्हा ओढली. गोटी रेघेपाशीच होती, उलट केसभर पुढं. गाडीच तिच्याखालून सरकून मागची भिंत तिच्यापाशी येत होती. "ह्याला जडत्व म्हणतात. ते का असतं, हे त्याच्या बापालाही ठाऊक नव्हतं, मलाही नाही."

सहामाहीत जडत्वाची व्याख्या आली. मी लिहिलं, 'जडत्व का असते हे कोणासच माहीत नाही.' सरांनी अर्धा गुण दिला. व्याख्या पाठ केली असतीस तर दोन मिळाले असते, असंही वर ऐकवलं.

आज माझं शाळेच्या गणवेशांचं छोटं युनिट आहे, पंधरा मशिन्स. कापडाच्या गठ्ठ्यावर 'आटत नाही' असं लिहून येतं. मी हातभर तुकडा कापतो, पेनानं खूण करतो, रात्रभर बादलीत टाकतो आणि सकाळी टेप लावतो. पोरं हसतात. अमेरिकेचं चॅलेंजर अवकाशयान कोसळलं, सात माणसं गेली, तेव्हा चौकशीत फाइनमननं यानाच्या रॉकेटच्या जोडात वापरायच्या रबराचा तुकडा शिकंज्यात दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवून दाखवला. गारठलेलं रबर पटकन पूर्ववत होईना. ही 1986 ची गोष्ट सरांनीच सांगितलेली. माझी बादली तिथूनच आली, असं मी मानतो. वडिलांना मात्र ती पाण्याची नासाडी वाटायची.

मागच्या महिन्यात शाळेत जाऊन आलो. प्रयोगशाळेत चकचकीत टाइल्स आल्यात, भिंतीवर मोठा पडदा आलाय. पडद्यावर गोटी छान सरकते म्हणे, पण गाल कुठं टेकवायचा? शहाबादी काढायला नको होती, एवढं माझं मत.

एक विनंती मात्र आहे. ती गाडी मला परत मिळालीच नाही. डाव्या हाताच्या कपाटात, परीक्षानळ्यांच्या मागं सर ती ठेवायचे. कपाट हलवलं नसेल तर कुणीतरी बघा. गोटी माझ्याकडे आहे.