किडे मेले

एप्रिल २०१९. सकाळी सातला गेटवर पंचिंग करत होते, तेवढ्यात घणसोलीच्या काकांचा फोन. "मॅडम, आधी टँकवर या. किडे मेले."

काका आमच्या ईटीपीचे, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लँटचे ऑपरेटर, मी इन्चार्ज. नवी मुंबईच्या टीटीसी एमआयडीसीतली मध्यम कंपनी. रंगांना लागणारी इंटरमीजिएट्स, म्हणजे मधल्या टप्प्यातली रसायनं बनवायची. किडे म्हणजे एरेशन टँकमधले, सतत हवा सोडलेल्या पाण्यातले जिवाणू. कंपनीचं सांडपाणी तेच खाऊन साफ करतात.

टँकवर हातभर पांढरा फेस चढला होता. एरवी चॉकलेटी दिसणारं पाणी राखाडी पडलेलं, वास तर सांगायलाच नको. मी लिटरचा सिलिंडर भरून ठेवला. रोज अर्ध्या तासात गाळ तीनशेच्या खुणेपर्यंत बसतो, वर नितळ पाणी राहतं, मध्ये स्वच्छ रेघ. त्या दिवशी रेघच नाही, वरपासून खालपर्यंत गढूळ. डीओ मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजणारा, सहा दाखवत होता. नवा ट्रेनी खूश, "मॅडम, ऑक्सिजन मस्त आहे आज!" नेहमी दोनच्या आसपास असतो. सहावर गेला, कारण तो घ्यायला आत कुणी उरलं नव्हतं.

असं का झालं ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. २१ मार्चला, आपल्याकडे धुळवड चालू असताना, चीनच्या च्यांगसू प्रांतात एका रासायनिक कारखान्यात स्फोट झाला. ७८ माणसं गेली. साठवून ठेवलेल्या नायट्रेशनच्या कचऱ्यानं पेट घेतला होता, हे पुढे चौकशीत आलं. तिथली अख्खी केमिकल वसाहत बंद करायचं ठरलं आणि इकडे आमच्या मालाचा भाव चढला. मार्केटिंगवाल्यांनी पेढे वाटले. मीही खाल्ला. खरं तर २०१७ मध्ये चीन सरकारची पर्यावरण पथकं कारखान्यांना टाळी ठोकत फिरली, तेव्हापासूनच 'चीनचा धंदा आपल्याकडे येतोय' हे ऐकत होते. या वेळी तो खरोखर आला. दोन रिॲक्टर चालायचे तिथे तीन चालू झाले, रविवारसुद्धा. ईटीपी होता तेवढाच राहिला. सीओडी, म्हणजे पाण्यातल्या घाणीचं माप, रोज थोडा थोडा चढत होता आणि लॉगशीटवर सही माझीच होती.

साहेबांच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, तिसरा रिॲक्टर थांबवा, पाणी होल्डिंग टँकमध्ये घेते.

"किती दिवस?"

"पंधरा तरी."

ते हसले. "चीननं इतकी वर्षं नद्या रंगवल्या, तेव्हा कुणी विचारलं त्यांना? आता कुठे आपला नंबर लागलाय. आपण थांबलो तर ऑर्डर व्हिएतनामला जाईल. पाण्याचं काय, रात्री टँकर बोलावू."

माणूस वाईट नव्हता. हिशोबही चुकीचा नव्हता, ऑर्डर गेलीच असती. पण त्यांच्या हिशोबात माल जहाजानं जात होता आणि पाणी कुठेच जात नव्हतं. ते तर इथेच राहणार, ठाण्याच्या खाडीत, जिथे काकांचा भाऊ अजून निवट्या धरायला जातो. हे सगळं बोलायला मला सुचलं नाही. एवढंच म्हटलं, "टँकर आला तर आजच्या शीटवर माझी सही नसेल."

बराच वेळ ते पेन टिकटिकवत बसले. "सात दिवस," म्हणाले. सातवर आम्ही दोघं गप्प.

दुपारी कचऱ्याच्या शेडमध्ये जाऊन ड्रम मोजले. धोकादायक कचरा नव्वद दिवसांत तळोज्याला, विल्हेवाटीच्या केंद्रात गेला पाहिजे, असा नियम. मागच्या रांगेतल्या अकरा ड्रमवर डिसेंबरच्या तारखा. उघडून बघायचं धाडस झालं नाही. काकांना म्हटलं, यांच्यावर आधी ताडपत्री टाका, ऊन लागतंय.

टँकमध्ये पुन्हा जीव आणायचा तर शेण, गूळ आणि युरिया. पुस्तकात काहीही असो, करतात हेच. काकांनी ओळखीच्या तबेल्यातून टेम्पोभर ताजं शेण आणवलं. सुटाबुटातला परदेशी खरेदीदार त्याच दिवशी प्लँट बघायला यायचा होता, त्याला कॉन्फरन्स रूममधूनच परत पाठवला.

साडेपाचला टँकच्या कठड्यावर उभी राहून बादल्या मोजत होते, तर अकाउंट्समधून फोन.

"मॅडम, हे शेणाचं बिल कुठल्या हेडखाली टाकू? रॉ मटेरियलमध्ये बसत नाही."

"एक्सपोर्टमध्ये टाका," मी म्हटलं. त्यांना वाटलं, चेष्टा करतेय.