तुम्ही विचारलंत म्हणून: जपानात हिट, अमेरिकेत फ्लॉप, असं का?

गेमिंगवर लिहितो म्हटलं की हा प्रश्न हमखास येतो: जपानात तुफान चाललेली गोष्ट अमेरिकेत का पडते? किंवा उलट? बहुतेकांना उत्तर चिप आणि ग्राफिक्समध्ये हवं असतं. माझं उत्तर असं की, माणूस कुणासोबत आणि कुठे बसून खेळतो ते आधी बघा.

मॉन्स्टर हंटर ही राक्षसांच्या शिकारीची गेम-मालिका २००४ साली सोनीच्या प्लेस्टेशन २ वर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या मशीनवर आली, ऑनलाइन खेळायची सोय घेऊन. पण जपानला तिचं खरं वेड लागलं पीएसपीवर, म्हणजे सोनीच्या हातात धरून खेळायच्या मशीनवर. चौघांनी शेजारी बसायचं. राउटर नको, इंटरनेट नको, चारही पीएसपी थेट एकमेकांना जोडले जायचे. एकाने राक्षसाला झुलवत ठेवायचं, दुसऱ्याने शेपूट छाटायची, आणि कुणी घायाळ झालं की आरडाओरडा समोरासमोर! मालिकेतल्या २०१० च्या ‘पोर्टेबल थर्ड’च्या जपानात चाळीस लाखांवर प्रती खपल्या. अमेरिकेत पीएसपीवर ती आलीच नाही.

तिकडे मित्र पांगलेले, प्रवास आपापल्या मोटारीने. त्यांना एकत्र आणलं २००२ मध्ये सुरू झालेल्या एक्सबॉक्स लाइव्हने, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स मशीनवरून ऑनलाइन खेळायच्या सेवेने: आपापला सोफा, आपापला टीव्ही, कानाला हेडसेट. हाच एक्सबॉक्स जपानात कधी रुजला नाही.

पीएसपीनंतरचा सोनीचा व्हिटा मला मनापासून आवडायचा. स्क्रीन देखणी होती, पण मेमरी कार्ड खास त्याच्यासाठीचं आणि महाग. त्यात मॉन्स्टर हंटर थ्रीडीएसवर, म्हणजे निन्टेंडोच्या हातातल्या मशीनवर गेली. निन्टेंडोने थ्रीडीएसची किंमत सहा महिन्यांच्या आत २५,००० येनवरून १५,००० वर आणली होती. व्हिटाचा निम्मा जीव तिथेच गेला.

पण निन्टेंडोचीही घरची बाजू लंगडीच होती. थ्रीडीएस साडेसात कोटींच्या वर गेला, तर टीव्हीला जोडायचा वी यू दीड कोटीही गाठू शकला नाही. दोन मशीन म्हणजे दोन्हीकडे वेगळे गेम करत बसायचं. २०१७ च्या स्विचने ही ओढाताण संपवली: हातात धरा नाहीतर टीव्हीला जोडा, गेम तोच. माझ्या मते गेल्या वीस वर्षांतला हा सगळ्यात शहाणा निर्णय.

तरी बाजार काही एक झाले नाहीत. २०२५ मध्ये स्विच २ आला तेव्हा जपानात तो ४९,९८० येनला मिळायचा, पण फक्त जपानी भाषेत आणि जपानी अकाउंटवर. सगळ्या भाषांचा हवा तर ६९,९८० मोजावे लागायचे. येन घसरलेला असताना घरच्या गिऱ्हाईकाला परवडावं आणि बाहेरच्यांनी माल उचलून नेऊ नये, यासाठीच ही भिंत, असं मला वाटतं.